निगेटिव्ह चार्जचं प्रोटीन कॉलमवर पकडायचं कसं (आणि सोडवायचं कसं)

"ताई, रेझिन खराब झालंय वाटतं, प्रोटीन चिकटायलाच तयार नाही." असा फोन मला वर्षातनं दोनचारदा तरी येतोच, कधी निपाणीकडच्या कुठल्या पोराचा, कधी खानापूरच्या मुलीचा, प्रोजेक्टचा शेवटचा महिना असतो आणि आवाज रडकुंडीला आलेला. मी दरवेळी एकच विचारते, सॅम्पलमध्ये मीठ किती आहे? पलीकडे शांतता. मग विचारते, बफरचा पीएच कुठल्या टेंपरेचरला लावलास? अजून शांतता. रेझिन, म्हणजे कॉलम नावाच्या नळीत भरलेले चार्जवाले बारीक दाणे, बिचारं बहुतेक वेळा ठणठणीत असतं. ह्या सगळ्या प्रकाराला आयन एक्स्चेंज म्हणतात, चार्जच्या जोरावर आपलं प्रोटीन बाकीच्यांतून वेगळं काढायचं. त्यात कॉलम फक्त उभा असतो, काम बफर, म्हणजे पीएच जागेवर ठेवणारं द्रावण, करतो, आणि बिघडवतो पण तोच. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय, पुढच्या वेळी लिंक पाठवली की झालं.

आधी चार्जचं. दुधात लिंबू पिळलं की दूध फाटतं हे दुधाचा कुंदा खाऊन मोठं झालेल्या बेळगावकरांना सांगायला नको, पण ते का फाटतं हे बघा. दुधाचा पीएच साधारण ६.६ असतो, तिथे केसिनवर एकूण निगेटिव्ह चार्ज असतो, त्यामुळे त्याचे कण एकमेकांना ढकलत लांब लांब तरंगत राहतात. लिंबू पिळत पिळत तुम्ही पीएच ४.६ पर्यंत आणलात की केसिनवरचा एकूण चार्ज शून्य होतो, ढकलाढकली संपते आणि सगळं गोळा होऊन खाली बसतं. हा ४.६ म्हणजे केसिनचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट, आपण पीआय म्हणतो तो. पीएच पीआयच्या वर असेल तर प्रोटीन निगेटिव्ह, खाली असेल तर पॉझिटिव्ह, एवढं एक वाक्य पाठ असलं तरी अर्धं काम झालं. म्हणजे "निगेटिव्ह प्रोटीन" अशी काही जात नसते, कुठल्या पीएचला निगेटिव्ह ते बोला. बीएसए म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, त्याचा पीआय ४.७ च्या आसपास, अंड्यातल्या ओव्हाल्ब्युमिनचा साधारण ४.५, दुधाच्या पाण्यातल्या बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनचा ५.२ च्या आसपास, हे सगळे पीएच ८ ला चांगले निगेटिव्ह. उलट लायसोझाइमचा पीआय ११ च्या जवळ, ते पीएच ८ ला पण पॉझिटिव्हच. तुमच्या प्रोटीनचा माहीत नसेल आणि सीक्वेन्स (अमिनो आम्लांचा क्रम) हातात असेल तर एक्सपासी वेबसाइटवरच्या प्रोटपॅरॅममध्ये टाका, आकडा मिळतो. पण तो हिशोबाचा आकडा, खरं प्रोटीन घडी घातलेलं असतं, चार्ज आत दडलेले असतात, म्हणून थोडं पुढेमागे धरून चाला.

आता नावाचा घोळ. निगेटिव्ह प्रोटीन पकडायला जे रेझिन लागतं ते पॉझिटिव्ह असतं आणि त्याला म्हणतात अ‍ॅनायन एक्स्चेंजर, कारण ते अ‍ॅनायन म्हणजे निगेटिव्ह आयन बदलून घेतं. व्हायवात अर्धी पोरं इथेच आपटतात. ह्यात दोन नावं कायम ऐकाल, डीईएई आणि क्यू, दाण्याला जोडलेल्या पॉझिटिव्ह ग्रुपची ही नावं. डीईएई जुनं, १९५६ मध्ये पीटरसन आणि सोबर ह्यांनी सेल्युलोजला हा ग्रुप जोडून प्रोटीनसाठी वापरून दाखवला तेव्हापासून चालू आहे आणि आपल्याकडच्या कॉलेज लॅबमध्ये अजून त्याचेच डबे असतात. डीईएईला वीक आणि क्यूला स्ट्राँग म्हणतात, ह्याचा अर्थ डीईएई प्रोटीनला ढिलं पकडतं असा अजिबात नाही हं. वीक म्हणजे पीएच ९ च्या आसपास जायला लागलात की त्याचा स्वतःचा पॉझिटिव्ह चार्ज कमी व्हायला लागतो, क्यूचा होत नाही. पीएच ७ ते ८.५ मध्ये काम करणार असाल तर दोन्हीपैकी जे कपाटात असेल ते घ्या.

पकडण्या-सोडण्याचं गणित समजायला संध्याकाळची खानापूर गाडी डोळ्यापुढे आणा. रेझिन म्हणजे गाडीतले दांडे, ते आधीपासून क्लोराइडने धरून ठेवलेले. प्रोटीनला अनेक हात, म्हणजे अनेक निगेटिव्ह चार्ज, ते आलं की क्लोराइडला बाजूला सारून चारपाच दांडे एकदम धरतं. मग तुम्ही मीठ वाढवता, म्हणजे प्रत्येक स्टॉपला क्लोराइडची अजून गर्दी आत घुसते. जो दारात एका हाताने लोंबकळतोय तो पहिल्यांदा खाली, जो आत दोन्ही हातांनी दांडा आवळून बसलाय तो शेवटपर्यंत. कमी चार्जवालं प्रोटीन कमी मिठाला उतरतं, जास्त चार्जवालं जास्त मिठाला. आणि गाडी सुटायच्या आधीच ती क्लोराइडने खच्चून भरलेली असेल तर तुमचं प्रोटीन चढणारच नाही, ते तसंच स्टँडवर राहणार. फोन करणाऱ्यांचं नव्वद टक्के वेळा हेच झालेलं असतं.

माझंही झालंय. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला अमोनियम सल्फेटने पाडलेला प्रोटीनचा गाळ (पेलेट) पाच मिली बफरमध्ये विरघळवला, डायलिसिस, म्हणजे बारीक भोकांच्या पिशवीत भरून मीठ बाहेरच्या बफरमध्ये जाऊ देणं, रात्रभर करायचं होतं पण दुसऱ्या दिवशी सरांना रिझल्ट दाखवायचा होता म्हणून तासाभरात उरकलं आणि थेट कॉलमवर चढवलं. खालून जे पाणी आलं ते "आपलं प्रोटीन तर वर चिकटलंय" ह्या भरवशावर बेसिनमध्ये ओतून दिलं. मग थाटात ग्रेडियंट (बफरमधलं मीठ हळूहळू वाढवत नेणं) चालवला, शून्यापासून १ मोलरपर्यंत, साठ ट्यूब, एकीतही काही नाही. तीन आठवड्यांचं प्रोटीन गटारात गेलं. तेव्हापासून नियम: जेल (प्रोटीनं आकाराप्रमाणे वेगळी करून दाखवणारी टेस्ट) बघितल्याशिवाय फ्लो-थ्रू, म्हणजे न चिकटता खाली आलेलं पाणी, फेकायचा नाही. कॉलममधून आलेला थेंब न थेंब बाटलीत, बाटलीवर नाव, बाटली फ्रिजमध्ये.

तर सॅम्पलचं मीठ काढा. डायलिसिस करत असाल तर सॅम्पलच्या शंभरपट बफर, ४ डिग्रीला, दोनतीनदा बदलून, शेवटचं रात्रभर. पिशवी गच्च भरू नका, अमोनियम सल्फेटवालं सॅम्पल पाणी ओढून फुगतं आणि सकाळी पिशवी फुटलेली सापडते, निम्मी रिकामी ठेवा. पिशवीचा कटऑफ, म्हणजे केवढ्या आकारापर्यंतचे रेणू ती बाहेर सोडते तो आकडा, पण बघा, लायसोझाइमसारखं १४ हजार डाल्टनचं छोटं प्रोटीन हवं असेल तर १२ ते १४ हजारवाली पिशवी म्हणजे भोकाचं पोतं. घाई असेल तर मीठ काढणारा डीसॉल्टिंग कॉलम, ते पण नसेल तर सरळ दहापट पातळ करा, आयन एक्स्चेंजला सॅम्पल किती मिली आहे ह्याचं काही पडलेलं नाही, मीठ किती त्याचं पडलंय. कंडक्टिव्हिटी मीटर असेल तर सेंटीमीटरला ५ मिलिसीमेन्सच्या खाली आणा. आणि दोन छुपे चोर: हिस-टॅग (प्रोटीनला जोडलेलं हिस्टिडीनचं शेपूट) पकडणाऱ्या कॉलमवरून उतरवलेलं सॅम्पल, त्यात बहुतेक ३०० ते ५०० मिलिमोलर मीठ असतंच, आणि पीबीएस, म्हणजे फॉस्फेटचा खारा बफर, त्यात १३७ मिलिमोलर मीठ आणि वर फॉस्फेट. फॉस्फेट स्वतःच निगेटिव्ह, ते दांडा धरून बसतं, म्हणून अ‍ॅनायन एक्स्चेंजला फॉस्फेट बफर टाळा आणि ट्रिस घ्या, ट्रिसचा बफर करणारा आयन पॉझिटिव्ह असतो, तो रेझिनच्या वाटेला जात नाही. एसडीएस हा डिटर्जंट चुकूनही नको, तो पण निगेटिव्ह.

बफर असा. २० मिलिमोलर ट्रिस, लिटरला २.४२ ग्रॅम, आठशे मिली पाण्यात विरघळवा, हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने पीएच ८.० ला आणा, मग लिटर करा. अ‍ॅसिड जास्त पडून ७.६ झाला तर कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) टाकून परत वर आणू नका, प्रत्येक फेरीला तुम्ही मीठच तयार करताय, ओतून द्या आणि नवीन करा, अडीच ग्रॅम ट्रिसने कुणी भिकेला लागत नाही. हा बफर ए. बफर बी म्हणजे तोच बफर अधिक ०.५ मोलर सोडियम क्लोराइड, लिटरला २९.२२ ग्रॅम, मीठ घातल्यावर पीएच परत बघा. घरातलं मिठाच्या पुड्यातलं मीठ नको, त्यात आयोडीन आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून काहीबाही घातलेलं असतं. पोटॅशियम क्लोराइड पण नको, पुढे जेलसाठी सॅम्पल तयार करताना एसडीएसबरोबर पांढरा गाळ होतो.

आणि ट्रिसची खोड: एक डिग्री गार झालं की त्याचा पीएच साधारण ०.०२८ ने वर जातो. ऐकायला काहीच नाही वाटत, पण २५ डिग्रीला ८.० लावलेला बफर ४ डिग्रीच्या कोल्ड रूममध्ये ८.६ च्या आसपास असतो. आमच्याकडे तर कोल्ड रूमची पण गरज नाही, डिसेंबरात सकाळी बेळगावातली लॅब पंधरा-सोळा डिग्रीला असते, तिथेच पाव युनिटचा फरक पडतो. माझा एक पीक (ग्राफवर प्रोटीन उतरल्याचा उंचवटा) मे महिन्यात एका जागी यायचा आणि डिसेंबरात सरकायचा, महिनाभर मी रेझिनला शिव्या घातल्या. जिथे कॉलम चालवणार तिथल्याच टेंपरेचरला पीएच लावा, संपला विषय.

पीएच किती घ्यायचा? पुस्तकी उत्तर पीआयच्या किमान एक युनिट वर. पण म्हणून उगाच ८.५, ९ करत वर जाऊ नका, जितका वर जाल तितकी कचऱ्यातली प्रोटीनं पण निगेटिव्ह होतात आणि सगळी वरात एकत्र चिकटते. मला विचाराल तर कॉलम भरायच्या आधी अर्धा दिवस छोट्या ट्यूबमध्ये घालवा. सहा ट्यूब, प्रत्येकीत १०० मायक्रोलिटर रेझिन, एकेकीला ६.०, ६.५, ७.० असं ८.५ पर्यंतच्या बफरने पाच वेळा धुवायचं (६ ते ७ ला बिस-ट्रिस, वर ट्रिस), मग थोडं सॅम्पल त्याच पीएचला आणून घालायचं, दहा मिनिटं हलवायचं, रेझिन बसू द्यायचं आणि वरच्या पाण्यात तुमचं प्रोटीन उरलंय का ते बघायचं. ज्या पीएचला वरचं पाणी रिकामं झालं त्याच्या अर्धा युनिट वर तुमचा बफर. हाच खेळ मग मिठाचा, पीएच ठरलेला ठेवून ०.०५, ०.१, ०.२, ०.३ मोलर मिठाच्या ट्यूब, कुठे सुटतं ते कळतं. एवढं केलंत की कॉलम म्हणजे फक्त पाणी सोडायचं काम.

सरावाला सगळ्यात चांगलं सॅम्पल अंडं. श्रावणात आमच्या लॅबमध्ये अंडी आणायची चोरी, त्यामुळे मी पिशवीत वह्यांच्या मधे घालून न्यायचे, पण ह्याच्यासारखं शिकवणारं दुसरं काही नाही, कारण एकाच पांढऱ्यात दोन्ही टोकं आहेत. निम्म्याहून जास्त, साधारण ५४ टक्के ओव्हाल्ब्युमिन, ते चिकटणार. साडेतीन टक्क्यांच्या आसपास लायसोझाइम, ते सरळ खाली येणार. मधे ओव्होट्रान्सफेरिन, पीआय ६ च्या आसपास, दारात लोंबकळणारं. एका अंड्यात साधारण ३० मिली पांढरं आणि त्यात ३ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, हे सगळं दहा मिली रेझिनवर ओतायचं नाही, एक मिली घ्या, म्हणजे शंभर मिलिग्रॅम, भरपूर झालं. त्यात नऊ मिली बफर ए, फेस न करता हळू हलवायचं, ऑम्लेट करत नाहीये आपण. पातळ केलं की ओव्होम्युसिनचे पांढरे दोरे सुटतात, त्यांच्याबरोबर थोडं लायसोझाइम पण जातं पण जाऊ दे, मलमलच्या फडक्यातून गाळा, १०,००० जी ला वीस मिनिटं फिरवा, वरचं स्वच्छ पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. दोरे राहिले तर कॉलमच्या डोक्यावर साय धरते आणि पाणी उतरायचं बंद.

कॉलम. आयन एक्स्चेंजला उंच कॉलम लागत नाही, दीड सेंटीमीटर रुंदीच्या काचेच्या नळीत दहा मिली रेझिन म्हणजे सहा सेंटीमीटरच्या आतबाहेर उंची होते, तेवढं बास. डीईएई सेल्युलोज कोरड्या पावडरीचं असेल तर आधी फुगवा, ०.५ मोलर अ‍ॅसिडने अर्धा तास, पाण्याने धुवा, मग ०.५ मोलर कॉस्टिकने अर्धा तास, परत पाण्याने भरपूर, पीएच उतरेपर्यंत. रेझिन बसल्यावर वर जे धुरकट बारीक तरंगतं ते ओतून टाकत जा, तेच पुढे कॉलम तुंबवतं. निम्मं रेझिन निम्मा बफर असं दाटसर करून काचेच्या कांडीवरून एका दमात ओता, थांबत थांबत ओतलंत की थर पडतात. मग ए बफर, कॉलमच्या पाच ते दहापट, खालून येणाऱ्याचा पीएच वरून घातलेल्यासारखा होईपर्यंत. इथे लोक कंटाळतात आणि पुढे रडतात.

सॅम्पल मिनिटाला एक मिलीच्या हिशोबाने चढवा, फ्लो-थ्रू गोळा करा (सांगितलंय), मग ए बफरने धुवा, २८० नॅनोमीटरला (प्रोटीन हा प्रकाश शोषतं) रीडिंग शून्यावर टेकेपर्यंत. लायसोझाइम ह्या दोन्हीत मिळून आलेलं असतं.

आता ग्रेडियंट. एफपीएलसी (कॉलम आपोआप चालवणारं मशीन) असेल तर बटण दाबा आणि चहाला जा. नसेल तर दोन बीकर, एकाच मापाचे, एकात १०० मिली ए, दुसऱ्यात १०० मिली बी, दोन्हींच्या मधे पाण्याने भरलेली उलटी यू नळी, आत बुडबुडा नको. ए च्या बीकरमध्ये मॅग्नेट फिरतोय आणि तिथूनच कॉलमला नळी. ए मधून जेवढं जातं त्याच्या निम्मं बी मधून येतं आणि मीठ आपोआप सरळ रेषेत शून्यापासून ०.५ मोलरपर्यंत चढत जातं. फक्त दोन्ही बीकरचे बूड एका उंचीला हवेत, ए खाली स्टिरर असतो म्हणून बी खाली तेवढ्याच जाडीच्या जर्नल ठेवा, मी जुने रेकॉर्ड बुक ठेवायचे, त्यांचा तेवढा तरी उपयोग. चार चार मिलीच्या पन्नास ट्यूब होतात, तीन तास वीस मिनिटं लागतात.

आणि ह्या तीन तासांत करंट जाणारच, विशेषतः पावसात. आमचे अटेंडर मामा दारातून ओरडायचे, "अक्का, करंट होत्री!" पंप असेल तर पंप थांबतो, कॉलमही थांबतो, ते परवडलं. पण वरून आपोआप उतरणारा कॉलम असेल तर तो चालूच राहतो आणि मॅग्नेट मात्र थांबलेला, म्हणजे बी चं जड खारं पाणी ए च्या तळाला साचतं, आणि करंट आला की एकदम मिठाचा लोंढा. म्हणून लाइट गेली की पहिल्यांदा खालची तोटी बंद, मग मोबाइलची टॉर्च. तोटी उघडी ठेवून घरी गेलात तर सकाळी रेझिनला उन्हाळ्यातल्या रानासारख्या भेगा पडलेल्या असतात, तो कॉलम परत भरावाच लागतो.

ग्रेडियंट जमत नाही म्हणून ०.१, ०.२, ०.३ मोलर असं पायऱ्यांनी उतरवलं तरी चालतं, पटकन होतं, पण एकच प्रोटीन दोन पायऱ्यांवर अर्धं अर्धं उतरून दोन पीक दिसतात आणि तुम्ही दोन प्रोटीनं सापडली म्हणून नाचता. पहिल्यांदा ग्रेडियंट, कुठे सुटतं ते कळलं की मग पायऱ्या.

पीक वाचताना उंचीवर विश्वास ठेवू नका. मिलीला एक मिलिग्रॅम लायसोझाइमचं २८० ला रीडिंग येतं २.६ च्या आसपास, आणि तेवढ्याच ओव्हाल्ब्युमिनचं ०.७. म्हणजे साडेतीन टक्केवालं प्रोटीन चौपट मोठं होऊन मिरवतं. किती आहे ते ब्रॅडफोर्डने (प्रोटीन मोजायची रंगाची टेस्ट) बघा, काय आहे ते जेलवर. १२ टक्क्यांचं जेल, सॅम्पल, फ्लो-थ्रू, वॉश आणि प्रत्येक पीकमधल्या दोनतीन ट्यूब. ओव्हाल्ब्युमिन ४५ किलोडाल्टनला जाड पट्टा, ओव्होट्रान्सफेरिन ७७ च्या आसपास, लायसोझाइम १४ ला आणि ते फ्लो-थ्रूच्या लेनमध्ये. पीक मोठा आणि जेलवर काहीच नाही असं झालं, तेही ग्रेडियंटच्या शेवटी, तर २६० ला रीडिंग घ्या. ते २८० पेक्षा जास्त असेल तर तो डीएनए-आरएनए आहे, तो पण निगेटिव्ह आणि प्रोटीनपेक्षा घट्ट धरून बसणारा. अंड्याच्या पांढऱ्यात हा त्रास नाही, बॅक्टेरिया फोडून काढलेल्या सॅम्पलमध्ये हमखास.

काम झालं की कॉलम धुवा, त्याच दिवशी. २ मोलर मीठ कॉलमच्या तिप्पट, मग ०.१ ते ०.५ मोलर कॉस्टिक, अर्धा तास आत राहू द्या, मग पाणी, मग ए बफर, आणि शेवटी २० टक्के इथेनॉल भरून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. इथेनॉलच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते आधीच विचारून ठेवा, संध्याकाळी साडेपाचला विचारलंत तर किल्लीवाला गावाला गेलेला असतो. फ्रीझरमध्ये ठेवू नका, दाणे फुटतात. नळीला टेप लावून त्यावर रेझिनचं नाव, तारीख आणि शेवटचं सॅम्पल काय होतं ते लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी तुमचं अंडं स्वतःच्या एन्झाइममध्ये शोधत बसेल आणि फोन मला करेल.